भांडी कुणी घासायची? डिशवॉशरच्या निमित्ताने एक जुना प्रश्न

घरात डिशवॉशर आवश्यक आहे की ती चैन आहे, यावर शहरी मध्यमवर्गात हल्ली बराच वाद रंगतो. सुट्टीत आठवडाभर भाड्याने घर घेणारी कुटुंबेही आता विचारू लागली आहेत की तिथे भांडी धुण्याचे यंत्र आहे का. एका बाजूला "एवढी-तेवढी भांडी हाताने होत नाहीत का?" असे म्हणणारे आहेत, दुसऱ्या बाजूला "काळ बदलला, बाई मिळत नाही" असे म्हणणारे. या दोन्ही बाजू एक प्रश्न टाळतात. "हाताने होत नाहीत का" असे म्हणताना हात कुणाचे? आणि "बाई मिळत नाही" असे म्हणताना ती बाई कोण? या दोन प्रश्नांना बाजूला सारून डिशवॉशरच्या आवश्यकतेवर बोलणे म्हणजे इतिहास पुसून केवळ किमतीचा हिशेब मांडणे आहे.

भांडी ही आपल्या देशात कधीच केवळ भांडी नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे हे धातू क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी कसे शुद्ध करावेत, याचा विधी दिला आहे. त्या श्लोकात घासणाऱ्या माणसाचा उल्लेख नाही. पण त्याच अध्यायात पुढे, १५० व्या श्लोकात, उत्तर मिळते. स्त्रीने सदैव हसतमुख असावे, घरकामात दक्ष असावे, भांडीकुंडी स्वच्छ ठेवावीत आणि खर्चात हात आखडता घ्यावा. म्हणजे भांडी घासायची, आणि तीही हसतमुखाने. दहाव्या अध्यायात तर भांड्यांवरून माणसांची प्रतवारीच लावली आहे. चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे आणि शूद्राला उष्टे अन्न द्यावे, असे ते शास्त्र सांगते. कुणी चकचकीत पितळेत जेवायचे, कुणी ते पितळ घासायचे आणि कुणी फुटक्या मडक्यात खायचे, हे जन्मावरून ठरले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, तो स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला कायदा होता, हे आपण लक्षात ठेवत नाही.

हे सारे पोथीतच राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावाची हकीकत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या सुस्थितीतल्या अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली. मातीच्या मडक्याऐवजी धातूचा हंडा डोक्यावर घेतला, एवढाच त्यांचा गुन्हा. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांना मारहाण केली. आपल्याकडेही चहाच्या टपरीबाहेर ठेवलेला कान तुटलेला कप, वरून ओतलेले पाणी आणि करवंटीतला चहा या आठवणी सांगणारी माणसे आमच्या वस्त्यांमध्ये अजून हयात आहेत. तो कप ज्याचा त्यानेच विसळून ठेवायचा, हाही त्यातला नियम होता.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागेल. जुन्या सोवळ्याच्या घरांत भांडी घासायला अस्पृश्य स्त्री चालत नसे, कारण तिच्या स्पर्शाने भांडेच बाटे. त्यामुळे ते काम घरातल्या सुनांकडे, आश्रित विधवांकडे किंवा "चालणाऱ्या" जातीच्या गडी-मोलकरणींकडे असे. म्हणजे सवर्ण घरातली बाईही या व्यवस्थेत मोकळी नव्हती. सोवळ्याने आमच्या आज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले आणि त्यांच्या आज्यांना मोरीत बसवले. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच.

आता यंत्राच्या जन्माकडे वळू. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल गावात जोसेफिन कॉक्रेन नावाची श्रीमंत घरची बाई होती. तिच्याकडची नाजूक चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून धुताना फुटत, टवके उडत. १८८३ मध्ये नवरा वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. मग डोक्यातली कल्पना प्रत्यक्षात आणणे तिला भाग पडले. जॉर्ज बटर्स या मेकॅनिकच्या मदतीने तिने यंत्र बनवले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले. भांडी तारांच्या कप्प्यांत बसवायची आणि त्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा मारा करायचा, ही तिची रचना आजच्या यंत्रातही ओळखू येते. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र गाजले. ही बाई कर्तबगार होती यात शंका नाही. पण या शोधाची सुरुवात कुठून झाली ते पाहा. नोकराचे हात थकतात ही चिंता तिथे नव्हती, मालकिणीची बशी फुटते ही होती.

पुढचा इतिहासही बोलका आहे. हे यंत्र आधी विकत घेतले ते हॉटेलांनी आणि उपाहारगृहांनी. घरांत ते शिरायला आणखी अर्धे शतक जावे लागले. बहुतेक घरांत तेवढे गरम पाणी नव्हते हे एक कारण. दुसरे कारण असे की हॉटेलात भांडी घासणाऱ्याला पगार द्यावा लागतो, म्हणून मालक श्रमाचा हिशेब करतो. घरात ते काम बायको फुकट करते, आणि फुकटच्या श्रमासाठी यंत्र कोण विकत घेईल? रुथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकन घरांबद्दल दाखवून दिले आहे की यंत्रे आली, तरी गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. नोकर गेले, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी अनेकांत वाटलेले काम एकट्या बाईवर आले. यंत्र आले म्हणून आपोआप मुक्ती येत नाही, हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे.

आपल्याकडे मात्र वेगळेच घडले. यंत्राची जागा स्वस्त माणसाने भरून काढली. १९७२ च्या दुष्काळाने खेडी रिकामी झाली, माणसे मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आली. पुरुष हमालीला, बिगारीला गेले आणि बाया धुणीभांड्याला. त्यांत आमच्या समाजातल्या असंख्य बाया होत्या. काहींनी काम मिळावे म्हणून जात लपवली, आडनाव सांगितले नाही, गळ्यातला निळा दोरा पदराआड केला. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि या कामाला पगारवाढ, रजा, बोनस असे शब्द असू शकतात हे शहराला पहिल्यांदा कळले. २००८ चा महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियम हे त्या लढ्यांचे उशिरा आलेले फळ. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने बाजूने मत दिले, पण त्या कराराला मान्यता अजून दिलेली नाही.

आणि या बाईचा चहा? ती सकाळी घरातली प्रत्येक वाटी, प्रत्येक ताट, देवपूजेची तांब्या-पळीसुद्धा आपल्या हाताने घासते. काम झाले की तिला चहा मिळतो, तो खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपात. शंभर भांड्यांना लागलेला हात चालतो, पण त्या हाताची मालकीण ज्या कपाला ओठ लावते तो कप इतर कपांत चालत नाही. स्वच्छतेच्या कुठल्याही तर्कात हे बसत नाही, जातीच्या तर्कात मात्र नेमके बसते. वस्तीत काम करताना हा अनुभव आम्ही इतक्या जणींकडून ऐकला आहे की त्याला अपवाद म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. सोसायट्यांची दारे घरकामगारांना बंद झाली आणि शहरांत डिशवॉशरची मागणी एकाएकी वाढली. कालपर्यंत जे काम "किरकोळ" होते, ते पंधरा दिवसांत असह्य झाले. ज्या कामाला महिन्याला हजार-पाचशे देताना घासाघीस चाले, त्याच कामासाठी तीस-चाळीस हजारांचे यंत्र आवश्यक ठरले. या श्रमाची खरी किंमत मध्यमवर्गाने तेव्हा स्वतःच्या कमरेवर मोजली. पण कित्येक बायांना त्या महिन्यांचा पगार मिळाला नाही, आणि काहींची कामे कायमची गेली.

मग आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत का? मुळीच नाही. या प्रश्नावर बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट आहे. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये यंत्राला पाप मानले. पुढे त्यांनी शिलाई यंत्राला सूट दिली, कारण सिंगरने ते बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमातून बनवले असे त्यांचे म्हणणे होते. टाके घालून थकणाऱ्या बायकोला सूट मिळते, तर राखेने बोटे सोलवटून घेणाऱ्या बाईला का नाही? बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना या भूमिकेचा पाया उखडला. त्यांच्या मांडणीचा सारांश असा की पशू आणि माणूस यांत फरक करते ती संस्कृती, संस्कृतीला फुरसत लागते आणि फुरसत यंत्रामुळेच सर्वांना मिळू शकते. यंत्राने अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नाही. त्याचा लाभ मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. तेव्हा बदलायची ती समाजरचना.

मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांच्याच कारकिर्दीत कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती झाली. ती घराच्या उंबऱ्यापाशी मात्र थांबली. स्वयंपाकघरात कामाचा आठवडा कधी ठरलाच नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करते. पुरुषांपैकी २६ टक्क्यांच्या आसपासच या कामाला हात लावतात आणि जे लावतात तेही सरासरी ९७ मिनिटे. या आकड्यांपुढे "हाताने होत नाहीत का?" हा प्रश्न विचारायचा अधिकार कुणाला आहे, ते ज्याने त्याने ठरवावे.

काही जण म्हणतात, "यंत्र घेतले तर बिचाऱ्या बाईचे पोट कसे भरेल?" हा युक्तिवाद आम्हाला ओळखीचा आहे. मेलेली ढोरे ओढणे आणि शिळे तुकडे खाणे सोडा, असे १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हाही पोटाचा प्रश्न होताच. एखाद्या समूहाचे पोट एका हीन मानलेल्या कामाला बांधून ठेवायचे आणि मग त्या कामाची बाजू करुणेने घ्यायची, ही जुनी रीत आहे. बाईच्या पोटाची काळजी असेल तर तिला किमान वेतन द्या, आठवड्याची सुट्टी द्या, काम बंद करताना नोटीस आणि भरपाई द्या. यंत्र घेणाऱ्या घरातही ओटा, फरशी, स्वयंपाक ही कामे उरतातच. शिवाय काळी झालेली कढई, लोखंडी तवा, पितळेची भांडी यंत्रात घालता येत नाहीत, ॲल्युमिनियम काळवंडते. एका फेरीत दहा-बारा लिटर पाण्यात भांडी निघतात हे खरे. पण ज्या वस्तीत नळाला तासभर पाणी येते आणि वीज जाते, तिथे ते यंत्र शोभेचे कपाट होईल. म्हणून सर्वांसाठी ते आवश्यक आहे, असे आज म्हणता येत नाही. आधी नळ आवश्यक आहे.

आता सुट्टीचा प्रश्न. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला सहलीला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला तो आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन. विशेष म्हणजे अंगावर येणारे मुसलमान होते. जातीचा रोग कुठवर पसरतो ते यातून दिसते. आमच्या समाजाची सहल अशी होती. म्हणूनच १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखान्यातील भांडी वापरू न देणे हा गुन्हा म्हणून वेगळा लिहावा लागला. कायद्याला भांड्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून भांड्यांमागचे राजकारण समजावे.

आज आपण हॉटेलात निर्धास्त जेवतो. मागच्या मोरीत कोण बसले आहे ते पाहत नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला, धाब्यांवर, हॉटेलांत ठेवण्यास बंदी आहे, तरीही रस्त्याकडेच्या धाब्यावर भांड्यांच्या ढिगामागे लहान चेहरा दिसला तर आपण बिल देऊन गाडीत बसतो. आणि घर भाड्याने घेऊन सुट्टी काढली तर त्या घरातही ओट्यापाशी उभी असते ती घरची बाईच. तिच्यासाठी फक्त मोरी बदललेली असते. दहा जण सहलीला गेले आणि नऊ जणांचीच सुट्टी झाली, तर त्यात यंत्राच्या अभावापेक्षा त्या नऊ जणांच्या वृत्तीचा दोष मोठा आहे. सहलीत दहा माणसांची ताटे दहा माणसे दहा मिनिटांत घासू शकतात. तिथे डिशवॉशर आवश्यक नाही.

घरात मात्र परवडत असेल तर तो अवश्य घ्यावा, असे आम्ही म्हणतो. पण तीन गोष्टी पाळून. यंत्रात भांडी लावणे आणि काढणे हे पुरुषांनी आणि मुलग्यांनीही शिकावे, नाहीतर तेही "बाईचे काम" होऊन बसेल. वाचलेला वेळ त्या बाईचा राहावा, वाचायला, सभेला जायला, नुसते बसायला. आणि घरी काम करणारी बाई असेल तर तिचा चहाचा कप त्याच यंत्रात, घरच्या कपांच्या शेजारी लागावा. ज्या घरात यंत्र नवे आणि खिडकीतला कप जुनाच, त्या घराने चाळीस हजार खर्चून फक्त भांडी स्वच्छ केली आहेत.