तळटीप ७ : ‘गोधडी’

७. मूळ शब्द ‘क्विल्ट’. ‘रजई’ म्हटले असते तर कापूस उरला असता, माणसे गेली असती. म्हणून गोधडी. फरक मात्र आहे : आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून धावदोरा घालतात, क्विल्टमध्ये आधी तुकडे जोडून नक्षी साधतात, मग ती चौकटीवर ताणून शिवतात. ॲलिस वॉकर यांच्या या कथेत (१९७३) तुकडे आजीने जोडले, शिवले आई आणि मावशीने. त्यात आजीचे झगे, आजोबांचे शर्ट, आणि काडेपेटीएवढा एक फिकट निळा तुकडा : पणजोबा एझ्रांच्या अमेरिकी यादवी युद्धातल्या गणवेशाचा. निळा रंग उत्तरेच्या फौजेचा. कथा याचा खुलासा करत नाही. थोरली डी (आता ‘वांगेरो’) या गोधड्या टांगायला मागते. धाकटी मॅगी त्या रोज वापरून फाडील, ही तिची तक्रार. आईला त्याची फिकीर नाही, कारण मॅगीला गोधडी शिवता येते. तरी डीला सरसकट ढोंगी ठरवू नये. गोऱ्या मालकांकडून आलेली नावे टाकून आफ्रिकी नावे घेणे ही त्या काळच्या कृष्णवर्णीय चळवळीतली खरी, जिव्हाळ्याची गोष्ट होती. मात्र कॉलेजला जाताना आईने देऊ केलेली गोधडी याच डीने जुनाट म्हणून नाकारली होती.