पहिल्या निदानापाशी थांबलेली नजर

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील डॉक्टर फेलिक्स फ्रेंकेल यांनी १८८६ साली १८ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिच्या मूत्रपिंडांवरील दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत गाठी आढळल्या होत्या. या गाठींचे आद्य वर्णन म्हणून तो लेख शतकभर उद्धृत होत राहिला. प्रमाणभूत ठरलेल्या संहितेचे बहुधा असेच होते. उल्लेख सगळे करतात, पुन्हा वाचत कोणी नाही.

थायरॉइडच्या कर्करोगाचा इतिहास तेव्हा वेगळ्याच वाटेने चालला होता. या ग्रंथीत दोन प्रकारच्या पेशी असतात. बहुसंख्य पेशी आयोडीन शोषून संप्रेरके तयार करतात. त्यांच्या आधाराने विखुरलेल्या थोड्या 'सी' पेशी कॅल्सिटोनिन स्रवतात. या दुसऱ्या पेशींच्या कर्करोगाला १९५९ पर्यंत स्वतंत्र नावच नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत हॅझर्ड, हॉक आणि क्राइल यांनी 'मेड्युलरी' असे नाव देऊन तो इतरांपासून वेगळा काढला. तोवर यांतले बरेच रुग्ण अतिघातक प्रकारात मोडले जात, आणि त्यांतले काही वर्षानुवर्षे जगले तरी वर्गीकरणाविषयी फारशी शंका घेतली जात नसे!

लगेच १९६१ मध्ये जॉन सिपल या तरुण डॉक्टरने मेंदूतील रक्तस्रावाने दगावलेल्या ३३ वर्षांच्या माणसाचे शवविच्छेदन पाहिले. अधिवृक्क ग्रंथींत गाठी होत्या आणि थायरॉइडमध्ये कर्करोगही. दुसऱ्या शोधाला योगायोग म्हणून सोडून देणे सोपे होते. सिपलने तसे न करता पूर्वी प्रसिद्ध झालेले शेकडो वृत्तांत चाळले. ही जोडी योगायोगाने पडावी त्याहून कितीतरी अधिक वेळा तेथे नोंदलेली होती. मला या साऱ्या कथेत थोर वाटते ते हे ग्रंथालयातले काम.

या जोडीमागे 'रेट' जनुकातील आनुवंशिक बदल असतो, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे असा बदल घेऊन जन्मलेल्या मुलाची थायरॉइड ग्रंथी कर्करोग पसरण्याआधीच काढता येऊ लागली. पुढे फ्रायबुर्गच्या त्या मुलीच्या घराण्यातील हयात नातलगांची तपासणी झाली आणि त्यांच्यात हाच बदल सापडला. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. १२१ वर्षांपूर्वीच्या वृत्तांतामागे एक संपूर्ण कौटुंबिक विकार उभा होता.

आजही हा धोका संपलेला नाही. एकाच थायरॉइडमध्ये मेड्युलरी आणि पॅपिलरी असे दोन कर्करोग क्वचित एकत्र आढळतात. सुईने घेतलेल्या नमुन्यात एकाच गाठीच्या पेशी आल्या, तर दुसरा शस्त्रक्रियेनंतरच उमगतो. एकाला एकाचे औषध चालत नाही: किरणोत्सारी आयोडीन पॅपिलरीच्या पेशी शोषून घेतात, 'सी' पेशी घेत नाहीत. म्हणून मेड्युलरीचा मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. ग्रंथी पूर्ण काढायची, मानेतील लसिका ग्रंथीही पाहायच्या. नंतरच्या पाठपुराव्यात रक्तातील दोन वेगळ्या खुणा तपासाव्या लागतात, पॅपिलरीसाठी थायरोग्लोब्युलिन आणि मेड्युलरीसाठी कॅल्सिटोनिन. पहिली समाधानकारक आली म्हणून दुसरीचा अहवाल न पाहता फाईल मिटता येत नाही.