सिमला ऑफिस आणि पेरूचा किनारा

पुण्यास शिवाजीनगरच्या बाजूला ‘सिमला ऑफिस’ या नावाचा एक चौक आहे. पुण्यात सिमला कोठून आले, हा प्रश्न परगावच्या पाहुण्याला पडतो. आपल्याला सवयीमुळे पडत नाही. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि लोकांनी नव्या इमारतीला जुन्या गावाचेच नाव देऊन टाकले. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीस गेले. नाव मात्र येथे राहिले.

आज महाविद्यालयात पृथ्वी-प्रणालीचे शास्त्र शिकू लागणाऱ्या मुलाला पहिल्याच धड्यात सांगतात की, वातावरण, जलावरण, शिलावरण आणि जीवावरण ही चार स्वतंत्र संस्थाने नव्हेत. एका ठिकाणी धक्का बसला की तो दुसरीकडे पोचतो. वाक्य लहान आहे. परीक्षेत त्याला फार तर दोन गुण मिळत असतील. परंतु ते वाक्य हाती यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्या शंभर वर्षांची सुरुवात आपल्या दख्खनच्या उपासमारीत आहे.

हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ साली. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हा योगायोग येथे आठवल्यावाचून राहत नाही. दुसऱ्याच वर्षी पाऊस रुसला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा येथून थेट मद्रास व म्हैसूरपर्यंत पिके करपली. १८७६ ते १८७८ या काळात मेलेल्यांचा आकडा ५० लाखांच्या वर मानला जातो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. त्याच सुमारास उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भाग हेही भयंकर अवर्षणाने होरपळत होते. मात्र सोलापूरच्या शेतकऱ्याचे आणि ब्राझीलच्या गुराख्याचे दुःख एकाच कारणाने जोडलेले असेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी आधी हिमालयाकडे पाहिले. तेथे बर्फ फार पडले की पुढचा पाऊस कमी होतो, असे त्यांनी १८८४ साली मांडले आणि १८८६ पासून त्या आधारावर पावसाचे अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. पण १८९९ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला आणि अंदाज साफ चुकला. घराच्या अंगणात उभे राहून सारे आभाळ कळत नाही, एवढे त्या चुकीने शिकवले.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी नजर अंगणाबाहेर नेली. जगभरच्या ठाण्यांवरील हवेचा दाब, पाऊस आणि उष्णता यांचे आकडे मागवून कोणता आकडा कोणाबरोबर चढतो वा उतरतो, हे त्यांनी पडताळून पाहिले. गणकयंत्रे नव्हती; हिशेब कारकुनांनी हातानेच केले. त्यातून एक तराजू दिसू लागला. पॅसिफिक महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. १९२४ साली त्यांनी याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. तराजू दिसला, परंतु त्याची दांडी कोणाच्या हातात आहे, हे वॉकरांना सांगता आले नाही.

ती दांडी समुद्राच्या हातात होती. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळी नाताळाच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला बाळ येशूवरून ‘एल निनो’ म्हणत. १९६९ साली जेकब बियर्कनेस यांनी त्या प्रवाहाची आणि वॉकरांच्या तराजूची गाठ घालून दिली. एरवी पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पॅसिफिकचे तापलेले पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. त्यामुळे पेरूजवळ खालचे थंड पाणी वर येते आणि मासळी पोसते. हे वारे मंदावले की उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, त्याच्यामागून ढगही सरकतात, आणि आपल्या बाजूला हवा खाली दबू लागून मोसमी पाऊस बहुधा दुबळा होतो.

पुराव्यासाठी फार थांबावे लागले नाही. १९७२ साली पेरूची मासेमारी कोसळली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला, ज्याची आठवण आजही घरोघरी निघते.

आता सारे उमगले, असे मात्र कोणी समजू नये. १९९७ साली शतकातील अत्यंत बलवान अशा एल निनोंपैकी एक आला, तरी भारतात पाऊस जवळजवळ सरासरीइतका पडला. हिंदी महासागराचाही स्वतःचा एक लहान तराजू आहे, हे त्यानंतर १९९९ साली पुढे आले. जिथे एक धागा ओढला तिथे दुसरा हलतो. म्हणूनच या शास्त्राला प्रणालीचे शास्त्र म्हणावे लागते.

शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सहसा नसते. १८७७ आणि १९७२ या दोन्ही वेळी पॅसिफिक तापला होता, दोन्ही वेळी दख्खनवरचे आभाळ कोरडे राहिले. पहिल्या वेळी धान्य परदेशी रवाना होत राहिले आणि माणसे रस्त्यांवर मेली. दुसऱ्या वेळी १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती; हाल फार झाले, पण १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. पाऊस न पडणे हा पृथ्वीचा व्यवहार आहे. माणसे मरू द्यावयाची की नाहीत, हा आपला. पहिला व्यवहार समजून घेण्यासाठी वॉकरांचे आकडे हवेत. दुसऱ्यासाठी सार्वजनिक सभेच्या त्या जुन्या अहवालांतली कळकळ हवी. सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना आम्हांला दोन्हींची आठवण होते.