दुसरा ब्रेक

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की चार पावलांवर जो मोठा रस्ता लागतो, त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. म्हणजे लिहिताना. बोलताना सगळे त्याला एस. व्ही. रोड म्हणतात आणि ओलांडताना रामाचं नाव घेतात.

आमच्या लहानपणी हाच घोडबंदर रोड होता. वसईच्या खाडीकाठी जे घोडबंदर आहे, तिथे एके काळी अरबी घोडे उतरत, म्हणून ते नाव, असं सांगतात. म्हणजे या रस्त्याची सुरुवातच मुळी घोड्यांच्या नावाने झाली. 1845 पर्यंत माहीमहून वांद्र्याला यायचं तर खाडी होडीने ओलांडावी लागे. मग जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले आणि माहीमचा कॉजवे झाला. माणसं पलीकडे सुखरूप पोचावीत म्हणून एका बाईने त्या काळी दीड लाखांवर रुपये मोजले! आम्हाला खाडी नको, नुसता एस. व्ही. रोड सुखरूप ओलांडता आला तरी पुरे, पण तेवढ्यासाठी पैसे घेऊन उभं राहिलं तरी कोणी थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी काय सगळे शहाणे होते? मुळीच नव्हते. आमच्या लहानपणीचे बैलगाडीवाले तर परतीच्या वाटेवर खुशाल झोपत. बाजारात माल उतरवायचा, चिलीम ओढायची आणि गाडीत आडवं व्हायचं. बैल गाडी घरी नेत. वाटेत कुत्रं आडवं आलं तर बैल थांबे, पोर आडवं आलं तर बैल थांबे. टांग्याचंही तेच. टांगेवाला उतारूशी भाड्यावरून हुज्जत घालत असला, तरी घोड्याचं लक्ष रस्त्यावर असे. म्हणजे हिशेब केला तर त्या काळी प्रत्येक वाहनात दोन चालक असत आणि त्यातला निदान एक जागा असे.

मोटार आली आणि हा दुसरा चालक नोकरीवरून गेला. मोटारीला आडवं आलेलं पोर दिसत नाही. ताकद शेकडो घोड्यांची असेल, पण अक्कल एकाही घोड्याची नाही. ती सगळी चालवणाऱ्याने घरून आणायची.

हे इंग्रजांना आधी सुचलं होतं. 1865 साली त्यांनी कायदाच केला, की यांत्रिक गाडी रस्त्यावर आणायची तर तिच्यापुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालला पाहिजे. गावात वेग ताशी दोन मैल! आपण हसतो. पण त्या निशाणवाल्याने बैलाचंच काम केलं, हे विसरू नका.

1896 साली हा कायदा मोडीत निघाला. त्याच वर्षी 17 ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची 44 वर्षांची बाई मुलीबरोबर चालली असताना मोटारीखाली सापडून गेली. गाडी प्रात्यक्षिकासाठी फिरवत होते. चालवणाऱ्याचं म्हणणं, वेग ताशी चार मैल होता. म्हणजे आमचे आजोबा देवळात जाताना चालत तेवढाच. पण पुढची गोष्ट महत्त्वाची. हा गृहस्थ जेमतेम तीन आठवडे मोटार चालवत होता आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूने गाडी न्यायची, हेही त्याला कोणी शिकवलं नव्हतं. घंटी मात्र त्याने वाजवली होती. आमच्या इथले रिक्षावाले या परंपरेतलेच! चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने अशी गोष्ट पुन्हा कधी न होवो, अशी आशा व्यक्त केली. माणसाने आशा करावी, पण इतकी?

एवढं होऊनही शहाणपण यायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये 1904 पासून लायसन सुरू झालं, ते पाच शिलिंगांत मिळे. परीक्षा नाही, काही नाही. चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली 1935 साली. मधली तीस वर्षं लायसन म्हणजे निव्वळ पावती होती. आपल्याकडे 1914 च्या कायद्याने लायसन आणलं, अठरा वर्षांखालच्यांना मोटारीला हात लावायची बंदी केली. मग 1939 चा कायदा आला, मग 1988 चा. कायदा वयात आला. चालवणारे कधी येतात, याची वाट पाहणं चालू आहे.

आमच्या गल्लीत पहाटे एक मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी येते. पुढे लाल ‘एल’, आत घामाघूम विद्यार्थी आणि शेजारी अत्यंत शांत मास्तर. "क्लच हळू सोडा... हळू म्हटलं ना ताई!" एवढाच काय तो मंत्रोच्चार. मास्तरांच्या शांतपणाचं रहस्य त्यांच्या पायाखाली असतं. नियमच आहे, की शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही ब्रेक हवा. ताईंना वाटतं, गाडी आपण थांबवली. खरी थांबवलेली असते मास्तरांनी. बैल गेला, निशाणवाला गेला, तरी निदान शिकताना हा दुसरा ब्रेक उरला आहे. पुढे परीक्षा होते, लायसन हातात पडतं, पेढे वाटले जातात आणि त्या दिवसापासून दुसरा ब्रेक कायमचा जातो. याबद्दल पेढे का वाटतात, ते मला अजून कळलेलं नाही.

समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ परवा कौतुकाने सांगत होते, "काका, पंधरा वर्षांचा आहे आमचा, पण मार्वे रोडवरून काय सफाईने स्कूटर नेतो!"

मी म्हटलं, "नेतो खरा. थांबवतो कशी?"

"थांबवायला काय लागतं? ब्रेक मारला की झालं."

शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर छडी उचलली असती. ताशी चाळीस किलोमीटरला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. पोर आडवं आलेलं डोळ्यांना दिसून पाय किंवा हात ब्रेकवर जायला सेकंदभर लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच अकरा मीटर गेले. आणि वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर घसरत जायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. हे गणित पंधराव्या वर्षी पाठ होतं, अंगात मुरत नाही. म्हणून 2019 च्या दुरुस्तीने असा मुलगा काही करून बसला तर आईबापांना किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला आहे. हे मी त्यांना सांगितलं. आता ते मला जिन्यात भेटले तरी काका म्हणत नाहीत. पण त्यानंतर स्कूटरची किल्ली त्यांच्या खिशात दिसते, तेव्हा माझी काही तक्रार नाही.

विनोद पुरे. सरकारी आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली शंभरातली एकाहत्तर अतिवेगापायी. पायी चालणारी माणसंच 32,825. यातल्या कितीतरी जणांनी सकाळी घरी सांगितलं असेल, की येताना भाजी आणतो.

गाडी चालवायला महिनाभर शिकवतात, ते थोडंबहुत सगळ्यांना येतं. थांबायचं कधी, हे शिकवणाऱ्यांचे क्लास मात्र मालाडात मला दिसले नाहीत. ते घरीच शिकवावं लागतं, बापाने पोराला आणि कधी कधी पोराने बापाला. शेजारच्या सीटवर मास्तर नसताना, समोर पोलीस नसताना, रात्री रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला जो थांबतो, त्याला गाडी चालवता येते असं म्हणावं. बाकीच्यांना नुसती सुरू करता येते.