बॉम्बे स्कूल पॉटरी

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८७० च्या दशकापासून घडवली गेलेली झिलईदार, रंगीत नक्षीची मातीची भांडी. फुलदाण्या, सुरया आणि थाळ्या हे तिचे नेहमी आढळणारे प्रकार. वापरापेक्षा मांडणीसाठी केलेली ही भांडी आज संग्राह्य वस्तू मानली जातात. जुन्या अमेरिकन कलामृत्पात्रीचा छंद जगभर माहीत आहे. तिच्याच पिढीतली, किंबहुना तिच्यातल्या काही नामवंत कारखान्यांहून थोडी आधीची ही मुंबईची मृत्पात्री मराठी घरांत जवळजवळ अपरिचित राहिली.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये तेथे वास्तुशिल्प शिकवण्यासाठी आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे तरुणपणी इंग्लंडमधील स्टॅफर्डशर या कुंभारकामाच्या जिल्ह्यात उमेदवारी केलेले गृहस्थ. (त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाचे, म्हणजे पुढे लेखक झालेल्या रडयार्डचे, नावही त्याच जिल्ह्यातल्या तलावावरून ठेवलेले.) ही भांडी मात्र त्यांच्या नावावर नाहीत. त्यांचे श्रेय जॉर्ज विल्किन्स टेरी या चित्रकलाशिक्षकाकडे जाते. टेरी यांनी शाळेत भट्टी लावली आणि सिंधमधील झिलईचे तंत्र मुंबईत आणवले. हाला आणि ठठ्ठा येथील कुंभार निळ्या-हिरव्या काचेसारख्या झिलईत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. साध्या मातीच्या अंगावर पांढऱ्या मातीचा पातळ थर, त्यावर रंगकाम आणि वर पारदर्शक झिलई ही त्यांची रीत. पुढे टेरी यांनी मुंबईत ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने स्वतःचे काम चालवले. त्यामुळे ‘शाळेचे’ आणि ‘टेरींचे’ भांडे वेगळे काढणे आजही अवघड जाते.

नक्षीचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. एक सिंधी वळणाचा: निळा, फिरोजी आणि हिरवा रंग, वेलबुट्टी, फुले. दुसरा अजिंठ्याचा. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्या नकलांतील माणसे, हत्ती, कमळपट्टे, छतावरची गुंफण हे सारे फुलदाण्यांच्या पोटावर उतरले. जमीन मातकट, पिवळी किंवा तपकिरी आणि रेषा ठळक. लंडनला पाठवलेल्या या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत जळाल्या. ही वस्तुस्थिती लक्षात घेतली की फुलदाणीवरची एखादी आकृती निव्वळ शोभेची राहत नाही. भांड्याचा घाट पुष्कळदा परदेशी गिऱ्हाइकाला रुचेल असा, चित्र मात्र इथले, आणि दोहोंचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही. सर्वांत चांगल्या नमुन्यांत चित्र घाटाच्या वळणाबरोबर फिरते. सुमार नमुन्यांत ते कागदावरून उचलून चिकटवल्यासारखे वाटते. संग्राहकाने भाव ठरवताना वयाइतकाच हा फरक मोजावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी दीर्घकाळ जोडलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मधील आपल्या भारतीय हस्तोद्योगांवरील ग्रंथात या भांड्यांची दखल घेतली. विलायती बाजार मिळाला तो अशाच ग्रंथांमुळे आणि प्रदर्शनांमुळे. परिणामी चांगले नमुने इंग्लंडमध्ये गेले, आणि आजही जुन्या वस्तूंच्या लिलावांत ते बहुधा तिकडेच वर येतात.

याच १८८० मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी येथे मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी रूकवुड पॉटरी सुरू केली. त्याआधी चार वर्षे फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी आणि फ्रेंच भांडी पाहून तिकडच्या हौशी मंडळींना हा नाद लागला होता. पाठोपाठ बोस्टनची ग्रूबी, न्यू ऑर्लिन्सच्या महिला महाविद्यालयातील न्यूकम, कोलोरॅडोतील व्हॅन ब्रिगल, ओहायोतील रोझव्हिल अशी नावे आली. तिथला छंद वाढला याचे मोठे कारण भांड्याचे बूड. रूकवुडच्या बुडावर १८८६ पासून उलटा ‘आर’ आणि ‘पी’ यांचे जोडचिन्ह आहे. त्याभोवती दर वर्षी एक ज्योत वाढत गेली, १९०० मध्ये चौदा ज्योती झाल्या आणि नंतर रोमन आकडे आले. शिवाय रंगवणाऱ्याची आद्याक्षरे. विकत घेणारा भांडे उलटे करतो आणि साल, हात, घाटाचा क्रमांक वाचतो. मुंबईच्या भांड्याला ही सोय नाही. काहींवर शाळेचे वा टेरींच्या कामाचे नाव कोरलेले असते, पुष्कळांवर काहीच नसते, आणि चाकावर बसलेल्या कुंभाराचे किंवा कुंचला धरलेल्या विद्यार्थ्याचे नाव तर फारच क्वचित. म्हणून येथे ओळख पटवायची ती झिलईचा पोत, मातीचा रंग आणि अजिंठ्याच्या चित्रांशी ताडून पाहिलेली रेषा यांवरूनच.

पाहण्यासाठी भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे पहिले ठिकाण. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय दुरुस्तीनंतर २००८ मध्ये पुन्हा खुले झाले. तेथे या भांड्यांचा संग्रह आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातही नमुने आहेत. चिनी आणि जपानी पोर्सेलिनशी तुलना करायची तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रह पाहावा.

मुंबईबाहेर, उदाहरणार्थ वाळवा तालुक्यातील आष्ट्यात किंवा एकूणच सांगली-सातारा पट्ट्यात, जुन्या वाड्याच्या माळ्यावर बॉम्बे स्कूलची सुरई सापडेल ही आशा धरू नये. ती संस्थानिकांच्या दिवाणखान्याची वस्तू होती, लोणच्याच्या कोनाड्यातली नव्हे. या भागातल्या नवख्या संग्राहकाच्या हाती लागते ती चिनी मातीची बरणी आणि सट: वरचा भाग तपकिरी, खाली दुधी, तोंडावर दादरा बांधायला खोबण. मराठी माणूस परशुराम गणपुले यांनी सौराष्ट्रात काढलेल्या परशुराम पॉटरी वर्क्सच्या बरण्या पश्चिम भारतात दूरवर पोहोचल्या. कारखान्याचा शिक्का असलेली बरणी बिनशिक्क्याच्या बरणीहून अधिक जपावी. ही कलामृत्पात्री नव्हे, पण हात तयार करायला यापरते साधन नाही. टिचकी मारली की धड भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. टवका उडालेल्या काठावर आतली माती दिसते. लोणच्याचे मीठ झिलईच्या भेगांत मुरलेले असेल तर कोरड्या हवेत ते पांढरे फुलून वर येते आणि झिलई सोडवू लागते. अशी बरणी आठवडाभर साध्या पाण्यात, रोज पाणी बदलत बुडवून ठेवतात. बॉम्बे स्कूलच्या भांड्यावर हा उपाय मुळीच करू नये. त्याचे अंग मऊ आणि पाणी पिणारे असते.

दुरुस्ती लपवलेली असल्यास अतिनील दिव्याखाली नवा रंग व डिंक वेगळा उजळतो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली पुरावस्तू ठरते: तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे परदेशातील लिलावातून मुंबईचे भांडे घरी आणणारा संग्राहक, ते पुन्हा बाहेर विकता येणार नाही हे गृहीत धरूनच बोली लावतो.