तेलगावच्या चौकातला गल्ला

बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता तेलगावात एकमेकांना छेदतात. गाव धारूर तालुक्यातलं. प्रवासी इथे थांबतो तो बहुधा गाडी बदलायला. मीही तसाच थांबलो आणि दोन एसटींच्या मधल्या वेळात चौकातली दुकानं, हॉटेलं पायी फिरून पाहिली. आमच्याकडे हॉटेल म्हणजे राहायची जागा नव्हे. वर पत्रा, समोर भज्यांची कढई आणि उकळता चहा असला की झालं हॉटेल.

माझ्या पुढ्यात बटाट्याची भजी, पाव आणि तळलेली मिरची आली. बटाटा आणि मिरची मूळ अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेली. बटाटा आणि पाव हे शब्दही त्यांचेच. अलाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आला तेव्हा त्याच्या ताटात मिरची नव्हती आणि रामदेवराव यादवाच्याही ताटात नव्हती. खाण्यावरून भांडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

शेजारच्या किराणा दुकानात उधारीची वही उघडी होती. उधार हा शब्द संस्कृतातून आलेला, पण हिशोब, जमा, बाकी, वसूल, नफा, रक्कम हे सगळे अरबी. दुकान अरबी, बाजार फारसी. दुकानदार पैसे टाकतो तो गल्ला, आणि गल्ला या शब्दाचा जुना अर्थ धान्य. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत आणि व्यापारासाठी ‘पण्यवर्ग’ असं वेगळं प्रकरणही आहे. दरबारात अमात्य, सचिव आले. दुकान मात्र दुकानच राहिलं, कारण गिऱ्हाईक कोश वाचून मीठ मागत नाही.

मराठवाड्यातल्या सामान्य मुसलमानाचा इतिहास आपण निजामाच्या दरबारात शोधतो, तो खरं तर अशा बाजारांत शोधायला हवा. बागवान फळं विकणारा, तांबोळी पान, अत्तार सुगंधी द्रव्यं, मणियार बांगड्या, पिंजारी कापूस पिंजणारा. या लोकांनी राज्य केलं नाही, माल विकला. त्यांची नावं तवारिखांत नाहीत, पण धंदा आडनावात टिकून आहे.

तालुक्याचा किल्ला पाहायला लोक धारूरला जातात. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वर खानाने तो बांधला. मला त्याच्या बुरुजांपेक्षा खालच्या पेठेबद्दल कुतूहल आहे. शहाजहानचा सरदार आझम खान १६३१ च्या आसपास धारूरवर चालून आला, तेव्हा किल्ला निजामशाहीकडे होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात या स्वारीची हकिकत आहे. किल्ल्याला लागून पेठ होती, आठवड्यातून एकदा आसपासचे लोक खरेदी-विक्रीला तिथे जमत आणि ती पेठ लुटायची असं आझम खानाने ठरवलं. म्हणजे आठवडी बाजार तेव्हाही होता. लुटणारी फौज मुसलमान बादशहाची, किल्ला मुसलमान सुलतानाचा. ज्यांचा माल गेला त्यांत बागवान, तांबोळी नसतील असं कोण म्हणेल?

त्याच वर्षांत दख्खन आणि गुजरातेत दुष्काळ पडला. लाहोरीने तोही नोंदवलाय. मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळून विकली जात होती, असं तो लिहितो. धान्य नसेल तर गल्ल्यातल्या नाण्यांना काय किंमत? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात पीठ होतं ते लाल मिलोचं, आणि खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून पिकाचं वर्ष या सालाशी ताडून पाहतात.

त्यानंतर पाटाचं पाणी आलं, ऊस आला. तेलगावला लागून सुंदरनगरला सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा आहे. तरी बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांना नेणारा तो मुकादम. हा शब्दही अरबी. जुन्या कागदपत्रांत मोकदम म्हणजे गावचा पाटील, वतनदार. आता मुकादम म्हणजे टोळीला उचल वाटणारा ठेकेदार. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यायची आणि पुढे महिनोन् महिने ती अंगावर फेडायची.

किराणा दुकानाची वहीसुद्धा याच उचलीवर चालते. पावसाळाभर घेतलेल्या ज्वारी, तेल, साबणाची बाकी उचल आली की फिटते. उरलेल्या पैशात पुन्हा पीठ-मीठ बांधून घ्यायचं आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला पोरांसकट गाडीत चढायचं. नाव दुकानदार खोडत नाही. पान उलटून ठेवतो, माणसं उन्हाळ्यात परत येतात.