साडेचारशे ग्रॅम सरकीची कथा

जून महिन्यात पहिला पाऊस झाला की विदर्भ-मराठवाड्यातल्या बियाण्यांच्या दुकानांसमोर गर्दी होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेथे मिळणाऱ्या बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या थैलीबरोबर १२० ग्रॅमची आणखी एक लहान थैली येत असे. शेतकरी तिला ‘रेफ्युजी’ म्हणत. तिच्यातले बियाणे साधे, म्हणजे बीटी नसलेले. ते शेताच्या कडेने लावावे असा सरकारी नियम होता. आम्ही एकदा एका गावी गेलो असता सहज विचारले, “ही लहान थैली कुठे लावलीत?” शेतकऱ्याने हसून बांधाकडे बोट दाखवले. थैली तेथे न फोडताच पडली होती.

पै-पैचा हिशेब करणारा शेतकरी पैसे देऊन घेतलेले बियाणे बांधावर का टाकतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला जीवशास्त्र, बाजार आणि कायदा या तिन्हींच्या दारात जावे लागते.

प्रथम जीवशास्त्र. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना मरणाऱ्या रेशीमकिड्यांत एक जिवाणू सापडला. पुढे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला आणि त्याचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस, संक्षेपाने बीटी. या जिवाणूतले एक प्रथिन काही विशिष्ट अळ्यांच्या आतड्याला भोके पाडते. ते प्रथिन तयार करणारे जनुक कापसात बसवले, की झाड स्वतःच अळीला मारक ठरते. अमेरिकेत असा कापूस १९९६ पासून शेतात आला.

भारताला त्याची गरज होती का? होती. देशातल्या लागवडीखालील जमिनीपैकी कापसाची जमीन सुमारे ५ टक्के, पण एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी कापसावर पडत. आणि त्या फवारण्यांना हिरवी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती.

आता बाजार. येथे थोडे मागे जाऊ या. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात चं. ठा. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा संकरित वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. असे बियाणे तयार करायचे तर संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर हातांनी काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलाला लावायचे. मजूर महाग असलेल्या देशांना हे परवडत नाही, म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे कापसाचे सरळ वाणच चालतात. सरळ वाणाची सरकी शेतकऱ्याला पुढच्या वर्षी पेरता येते. संकरिताची पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी दुकानात जावे लागते. बियाणे विकणाऱ्याच्या दृष्टीने संकरित वाण हे न बोलता चालणारे कुलूपच आहे.

हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला. १९९५ साली जालन्याच्या महिको कंपनीला मोन्सँटोकडून बीटी कापसाचे १०० ग्रॅम बियाणे आयात करण्याची परवानगी जैवतंत्रज्ञान विभागाने दिली. ते कोकर-३१२ या अमेरिकी वाणाचे होते. हा वाण ऊतिसंवर्धनात सहज रुजतो, म्हणून प्रयोगशाळेत जनुक बहुधा त्याच्यातच बसवत. आपल्या हवेत तो उपयोगाचा नाही. त्यामुळे त्याचा भारतीय वाणांशी पुन्हापुन्हा संकर करून जनुक तेवढे इकडे आणले गेले. बोलगार्ड या नावाने आलेल्या या पहिल्या जनुकावर भारतात पेटंट नव्हते. तरीही शेतकऱ्याला ते दरवर्षी विकत घ्यावे लागणार होते, कारण ते संकरित वाणात होते.

मग कायद्याचे काय? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये जनुकीय फेरफार केलेल्या जीवांसाठी नियम झाले. प्रयोग तपासणारी एक समिती जैवतंत्रज्ञान विभागात आणि अंतिम मान्यता देणारी जनुक अभियांत्रिकी मान्यता समिती पर्यावरण मंत्रालयात, अशी रचना झाली. १९९८ पासून अनेक राज्यांत शेतावरच्या चाचण्या सुरू झाल्या. कर्नाटकात शेतकरी संघटनांनी काही चाचण्यांची पिके जाळली. जून २००१ मध्ये समितीने आणखी एक वर्ष चाचण्या घ्यायला सांगितले. आणि त्याच वर्षी मोठा गमतीचा (की गंभीर?) प्रकार घडला. गुजरातमध्ये बोंडअळीने कहर केला असताना काही शेते मात्र डोलत उभी होती. तपासात निघाले, की नवभारत सीड्स कंपनीच्या ‘नवभारत-१५१’ या वाणात बीटी जनुक होते आणि हजारो एकरांवर ते मान्यतेशिवाय पेरले गेले होते. पीक जाळण्याचा आदेश निघाला. शेतकऱ्यांनी अर्थातच कापूस वेचला. समिती दिल्लीत कागद तपासत होती तेव्हा सरकी गावोगाव पोचली होती.

२६ मार्च २००२ रोजी समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. अट अशी, की बीटी पिकाभोवती किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र साध्या कापसाचे असावे. साध्या कापसावर वाढलेले, विषाची ओळख नसलेले पतंग बीटीवर तगलेल्या एखाद्या पतंगाशी जोडी जमवतील, त्यांची पिल्ले पुन्हा विषाला बळी पडतील आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल, असा त्यामागचा विचार. विचार बरोबर आहे. पण त्या कडेच्या ओळींतले नुकसान सोसायचे एकाने आणि फायदा व्हायचा सगळ्या शिवाराचा, तोही काही वर्षांनी! दोन-चार एकरवाल्याने तो खर्च एकट्याने का करावा? गावच्या गायरानात जे होते तेच येथे झाले. म्हणून आम्ही बांधावरच्या त्या थैलीबद्दल शेतकऱ्याला अडाणी म्हणणार नाही.

किमतीकडे वळू. साध्या संकरित बियाण्याची थैली साडेचारशे रुपयांच्या आसपास मिळत असताना बीटीची थैली सुमारे १६०० रुपयांना होती. त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा आयोगाकडे तक्रार केली. मे २००६ मध्ये आयोगाने शुल्क कमी करण्यास सांगितले आणि आंध्रात थैलीची किंमत ७५० रुपये ठरली. इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांसाठी वेगळा कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरासाठी किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ मध्ये दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ ची थैली ८०० रुपये आणि त्यात जनुकाचे शुल्क ४९ रुपये, असा भाव ठरला. हे शुल्क उतरत उतरत २०२० मध्ये शून्यावर आले. दरम्यान पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये कंपन्यांनी आपसात मिटवला.

या सगळ्या भांडणात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. जनुक सुरक्षित आहे का, हे एका समितीने तपासले. त्याची किंमत किती, हे दुसऱ्यांनी ठरवले. पण ते संकरित वाणातच का, सरळ वाणात का नको? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर ‘बिकानेरी नरमा’ हा सरळ बीटी वाण तयार केला होता. २००९ मध्ये तो शेतकऱ्यांपर्यंत पोचला, त्याची सरकी राखून पुन्हा पेरता येणार होती. पण त्यात मोन्सँटोच्या जनुकरचनेचा अंश आढळला आणि तो मागे घ्यावा लागला. सार्वजनिक संशोधनाला बसलेला हा फटका साधा नव्हता.

संकरिताचा प्रश्न केवळ पैशाचा नाही. येथे वर्गात फळ्यावर करण्याजोगे एक गणित आहे. आपल्याकडच्या संकरित बियाण्यात बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेले असते, म्हणजे जनुकाच्या जोडीतले एकच. अशा झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी. मेंडेलच्या हिशेबाने तिच्यात तीनास एक असे प्रमाण पडते, चौथा हिस्सा सरकी बिनविषारी! दोन स्वतंत्र जनुके असतील तर प्रत्येक सोळा दाण्यांपैकी एकात दोन्ही नसतात आणि सहांत एकच असते. शेंदरी (गुलाबी) बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषारी, अर्धविषारी आणि निर्विष असे दाणे मिळतात. प्रतिकारशक्तीची निवड व्हायला याहून चांगली शाळा कोणती? विद्यार्थ्यांना पनेट चौकट काढायला सांगावी, म्हणजे वाटाण्याच्या रंगापेक्षा हे उदाहरण अधिक लक्षात राहील.

त्यात संकरित वाण दीर्घ मुदतीचे. पाणी असले की शेतकरी फरदड घेतात आणि पऱ्हाटी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी राहते. म्हणजे अळीला वर्षाचा बराच काळ घर. गुजरातच्या चार जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद न दिल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पाचसहा वर्षांत बोलगार्ड-२ चीही तीच गत झाली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी उभ्या पिकावर नांगर फिरवले.

मग बीटी कापूस फसला का? इतके सोपे उत्तर आम्हाला देता येत नाही. २००२-०३ मध्ये देशात रुईच्या १३६ लाख गाठी झाल्या होत्या, २००७-०८ मध्ये ३०७ लाख. हेक्टरी उत्पादन ३०२ किलोवरून ५५४ किलोवर गेले. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या निश्चित घटल्या. पण याच काळात खतांचा वापर वाढला, गुजरातेत सिंचन वाढले, नवी कीटकनाशकेही आली. केशव क्रांती व ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचे आकडे मांडून दाखवले, की उत्पादनवाढीचे श्रेय एकट्या बीटीला देता येत नाही आणि रसशोषक किडी वाढल्याने कीटकनाशकांवरचा खर्च पुन्हा पहिल्यापेक्षा वर गेला आहे. आम्हाला त्यांचे म्हणणे पटते. मात्र सुरुवातीच्या वर्षांत मिळालेला दिलासा खरा होता, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

ती लहान थैली आता इतिहासजमा झाली आहे. २०२० पासून ४७५ ग्रॅमची एकच थैली येते आणि साधे बियाणे, ५ ते १० टक्के, तिच्यातच मिसळलेले असते. कोणता दाणा कोणता हे शेतकऱ्याला ओळखता येत नाही, त्यामुळे तो बांधावरही टाकता येत नाही.